दोन साडू आणि क्लबची घंटा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की पोटात थोडं दुखतंच. लोकांना वाटतं, निवृत्त पोलिसाच्या डोक्यात रक्त, हत्यारं आणि पाठलागच फिरत असतील. माझ्या डोक्यात फिरतात लांब दांडीचे पंखे, शिसवी काउंटर आणि भर दुपारी वेताच्या खुर्चीत पाय पसरून झोपलेले म्हातारे. त्यांना उठवायची कोणाची छाती नव्हती. आमच्या तुकडीतले दोघे माझ्या पुढे बढती घेऊन गेले, त्यांचाही मला एवढा हेवा वाटला नव्हता जेवढा त्या घोरणाऱ्या म्हाताऱ्यांचा वाटला.

तेव्हा मी जळगाव शहरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. मी मूळचा पिंपळनेरकडचा. घरात अहिराणी, कचेरीत मराठी, साहेबांसमोर गप्प, अशी माझी सगळी नोकरी गेली. या हकिकतीत मी कोणाचं नाव घेणार नाही. त्यातले काही जण अजून हयात आहेत आणि एकमेकांचे नातेवाईक आहेत.

दिवाळी होऊन गेली होती, थंडी नुकतीच पडू लागली होती. सकाळची हजेरी झाली, रात्रपाळीचे लोक घरी निघाले आणि ठाणे अंमलदार स्टेशन डायरी ओढून बसला. तेवढ्यात लँडलाइन वाजली. हल्ली ठाण्याच्या लँडलाइनवर दोनच प्रकारचे लोक फोन करतात. एक वरचे साहेब आणि दुसरा, ज्याला वाटतं की आपण कोण ते कळणार नाही.

"मी एक जागरूक नागरिक बोलतोय," पलीकडचा म्हणाला. "मुंबईच्या एका जुन्या क्लबातून पितळी घंटा चोरीला गेलीय. पेपरात आलंय. ती घंटा तुमच्या हद्दीत आहे."

त्यानं एका डाळ मिलवाल्याचं नाव आणि पत्ता सांगितला. एवढ्यावर फोन ठेवला असता तर गोष्ट वेगळी होती. पण तो थांबेना. "हॉलमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला. लग्नाच्या फोटोखाली टांगलीय. लाल दोरी लावलीय वाजवायला. पाहुणा आला की आधी घंटा वाजवून दाखवतात, मग पाणी विचारतात."

माझा नोकरीतला अनुभव सांगतो. पैशासाठी खबर देणारा मोजकं बोलतो, कारण पुढच्या खेपेला विकायला त्याला काहीतरी मागं ठेवायचं असतं. जळून खबर देणारा मात्र गरजेपेक्षा जास्त सांगतो. त्याची खबर पक्की असते आणि तोही लगेच ओळखू येतो. हा माणूस त्या घंटेसमोर बसून अनेकदा चहा प्यालेला होता आणि तो चहा त्याला पचलेला नव्हता.

"घरातलाच कोणीतरी आहे," मी आमच्या हवालदाराला म्हटलं. जिल्ह्यात त्याची हयात गेली होती.

"साडू असेल, साहेब," तो म्हणाला.

"कशावरून?"

"भाऊबंद असता तर बांधावरनं बोलला असता. हॉलमधलं साडूच बोलतो."

डाळ मिलवाल्यांना सगळा बाजार आबा म्हणायचा, मीही तसंच म्हणतो. साठी ओलांडलेले, पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात बारा महिने सँडल. लग्न असो वा कलेक्टरची बैठक, आबांच्या पायात बूट कोणी पाहिला नव्हता. डाळीच्या व्यवहारासाठी ते महिन्याकाठी मुंबईला जात आणि आल्यावर तिथल्या क्लबांच्या गोष्टी सांगत. एकदा शांतता समितीच्या बैठकीत ते माझ्या शेजारी बसले होते. सागवानी जिना कसा करकरतो, वेटरच्या डोक्यावरचा साफा कसा ताठ असतो, बर्फ चिमट्यानं ग्लासात सोडला की कसा आवाज होतो, हे त्यांनी असं सांगितलं की माझ्या हातातला समितीचा चहा पाणचट लागायला लागला. गावात शांतता राखण्याबद्दल त्या दिवशी काय ठरलं, ते मला नीटसं आठवत नाही.

दोन पंच घेऊन आम्ही आबांच्या बंगल्यावर गेलो. घंटा सांगितल्या जागीच होती. चांगली वजनदार, काठावर क्लबचं नाव कोरलेलं. ती खाली उतरवताना आमच्या शिपायाला घाम फुटला. आबांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. त्यांनी पंचनामा चालू असताना सगळ्यांसाठी चहा आणला. पोलीस जप्तीला आलेत की जेवायला, याचा त्यांच्या चेहऱ्यावरून पत्ता लागत नव्हता.

"क्लबनं भेट दिलीय," आबा शांतपणे म्हणाले. "जुना माणूस म्हणून."

मुद्देमाल ठाण्यात आणून मी मुंबईला फोन लावला. क्लबनं कोणालाही घंटा भेट दिलेली नव्हती. बारची रंगरंगोटी चालू असताना ती गायब झाली होती आणि तिथल्या ठाण्यात रीतसर फिर्याद दाखल होती. या नावाचा सभासदही त्यांच्याकडे नव्हता.

आबांना बोलावून माझ्या केबिनमध्ये बसवलं. क्लब काय म्हणतो ते सांगितलं. त्यांनी थोडा वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग मीच उचलली म्हणा."

मी चमकलो. चोर कबूल होण्याची एक रीत असते. आधी तो नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो, मग घरच्यांची शपथ घेतो, मग रडतो आणि शेवटी बोलतो. आबा एकही पायरी न चढता थेट गच्चीवर पोचले होते.

"कशी उचलली?"

"डाळीच्या पिशवीत घातली."

"दारावर कोणी अडवलं नाही?"

"दारावरचा माणूस ओळखीचा. मला पाहिलं की सलाम ठोकतो."

मग मी त्यांना क्लबाबद्दल बोलतं केलं. आरोपीला त्याच्या आवडीच्या विषयावर सोडावं, तो स्वतःच घसरतो. आबा मात्र घसरले नाहीत, रंगात आले. आपण ठाण्यात बसलोय हेच विसरले. तीन ठिकाणांची नावं सांगितली. हा क्लब, आणखी एक क्लब आणि एका जुन्या हॉटेलातला बार, जिथं पियानो वाजतो. त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट बिलाची होती.

"एकदा एका बड्या साहेबाबरोबर बसलो होतो. उठताना बिलावरून जुंपली. तो म्हणे मी देतो, मी म्हणे मी देतो. आता साहेब, तुम्हीच सांगा. आपण खान्देशचे लोक, दुसऱ्याला बिल देऊ दिलं तर तोंड दाखवायला जागा राहील का? मी सरळ काउंटरवर नोटा आपटल्या. उरलेले वेटरला ठेव म्हटलं. तेव्हापासून ते मला सोडायला जिन्यापर्यंत येतात."

हवालदार जबाब लिहून घेत होता, त्याचा पेन केव्हाच थांबला होता. माझीही तीच गत. तुरीचा भाव करणारा हा माणूस तिथं नोटा आपटतो आणि आम्ही कायद्याची माणसं इथं पंख्याच्या खडखडाटात बसतो, असं मला वाटलं. स्पष्टच सांगतो, त्या क्षणी तो चोर निघावा असंही मला वाटून गेलं.

मुंबईच्या ठाण्यातून निरोप आला की कबुली असेल तर पथक पाठवून ताब्यात घेतो. बाजारात ज्याच्या तोंडच्या शब्दावर ट्रक भरले जातात, त्या माणसाला मधुमेहाच्या गोळ्या खिशात घेऊन मुंबईच्या कोठडीत बसावं लागणार होतं. पण ती कबुली माझ्या गळी उतरत नव्हती. मी थोडी सवड मागितली. घंटेची ओळख पटवायला आणि चौकशीला मीच येतो म्हटलं. वरिष्ठांची परवानगी घेतली, आबांना गाव न सोडण्याची नोटीस दिली आणि घंटा व हवालदार घेऊन मुंबई गाठली.

क्लबच्या दारातच मला अडवलं.

"साहेब, सँडल चालत नाहीत," दारावरचा टोपीवाला म्हणाला.

मी ओळखपत्र काढलं. त्यानं ते आदरानं वाचलं आणि परत दिलं. "पोलीस चालतात, साहेब. सँडल चालत नाहीत."

आता काय करणार? मी साध्या वेशात होतो. हवालदारही साध्या वेशातच, पण पायात बूट होते. फाटकाबाहेर झाडाखाली उभं राहून आम्ही पायताणं बदलली. त्याचे बूट मला चांगलेच लहान. तो माझ्या सँडल घालून बाहेर बसला आणि क्लबच्या एका नोकरानं घंटा उचलली, त्याच्यामागून मी बोटं आवळत आत शिरलो.

आत शिरलो आणि आबांनी काही कमी सांगितलं नव्हतं हे कळलं. उंच छत. पंखे इतके सावकाश फिरत होते की त्यांनाही पेन्शन असावी. काउंटरच्या पायथ्याशी पितळी दांडी, पाय ठेवून ठेवून चकचकीत झालेली. साफेवाला एक वेटर ग्लास पुसत होता. पुसून झालेला ग्लास उजेडाकडे धरायचा आणि पुन्हा पुसायचा. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कोणाचा फोन वाजत नव्हता. कोपऱ्यात दोन म्हातारे पेपर छातीवर घेऊन झोपले होते. आमच्याकडे वैशाखात पत्रा तापतो तेव्हा मी बंदोबस्ताला रस्त्यावर उभा असतो, आणि नेमके त्याच वेळी हे इथं असे झोपलेले असतात, हा विचार माझ्या मनातून जाईना. मला त्यांचा राग आला. मग खुर्चीचा राग आला, कारण ती रिकामी होती आणि मला कोणी बस म्हटलं नव्हतं.

क्लबचे सचिव सैन्यातून निवृत्त झालेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी घंटा पाहिली आणि हरवलेलं मूल सापडावं तसा तिच्यावर हात फिरवला. कोणा सभासदाच्या घरी आनंदाची गोष्ट घडली की तो येऊन ही घंटा वाजवायचा, आणि त्या वेळी बारमध्ये जो बसला असेल त्याचं पेय त्या सभासदाच्या खात्यावर जायचं. ओळख पटली, सही झाली. मग त्यांनी मला बसवलं आणि लिंबू सोडा मागवला.

सोडा संपवून मी उठलो आणि सवयीनं खिशात हात घातला. आबांसारखा मीही खान्देशचाच.

"नको, नको," सचिव म्हणाले. "इथं रोख पैसे चालतच नाहीत. सभासद चिठ्ठीवर सही करतो, महिन्यानं बिल घरी जातं. पाहुण्याला पैसे देता येत नाहीत, द्यायचे म्हटले तरी."

"आणि वेटरला बक्षीस?"

"घेतलं तर त्याची नोकरी जाते."

मी खिशात हात घालून तसाच उभा राहिलो. आबांच्या नोटा, बिलावरून झालेलं भांडण, उरलेले ठेव म्हणणं, हे सगळं आमच्याकडच्या धाब्यावर घडतं. इथं ते घडूच शकत नव्हतं. जो माणूस एक संध्याकाळ जरी इथं बसला असेल त्याला हे ठाऊक झालं असतं. आबांनी या जागेचं सगळं बरोबर सांगितलं होतं, फक्त उठण्याच्या वेळी ते खान्देशात परत आले होते.

तरी खात्री करायला मी दुसऱ्या क्लबात गेलो. तिथंही हाच नियम आणि आबांचा फोटो पाहून सगळ्यांनी मान हलवली. मग पियानोवाल्या बारमध्ये गेलो. तिथं रोख पैसे चालत होते, पण काउंटरमागच्या जुन्या माणसानं आबांना कधी पाहिलेलं नव्हतं. खरं म्हणजे तिसऱ्या ठिकाणी जायची तपासाला काही गरज नव्हती. मला बघायचं होतं. संगमरवरी टेबलं, मंद दिवे, खिडकीशी एकटीच बसलेली एक म्हातारी बाई, तिच्यासमोर एक बारीक ग्लास. तिला कुठंही जायची घाई नव्हती. मी दारात उभा राहून पाहत राहिलो, आणि बूट चावायला लागले तेव्हा निघालो. हवालदार बाहेर केळी खात बसला होता. "आपल्याकडचीच आहेत, साहेब, आणि भाव बघा," म्हणून तो कुरकुरत होता.

जळगावला आल्यावर आबांना बोलावलं. हवालदाराला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"आबा," मी म्हटलं, "घंटा तुम्ही चोरलेली नाही. तुम्ही त्या क्लबात कधी गेलाच नाहीत."

चोरी कबूल करताना न हललेला त्यांचा चेहरा आता पडला. इतका वेळ ते माझ्याशी मराठीत बोलत होते, ते एकदम अहिराणीवर आले.

"साहेब, चोर लिखी ल्या. पन मी आत गऊच नही, हाई लिखू नका."

"आबा, तुरुंगात जाल."

"जासू. बाजारमा बठ्ठा चोरच शेत, माले कोन हासई? पन मना साडू हासई."

बाजारात सगळेच चोर, तिथं त्यांना कोणी हसणार नव्हतं; साडू मात्र हसणार होता. मग सगळं बाहेर आलं. तरुणपणी ते एका दलालाबरोबर त्या क्लबाच्या दारापर्यंत गेले होते. दलाल सभासदाचा पाहुणा म्हणून आत जाणार होता, आबांनाही नेणार होता. दारावर सँडल अडवल्या. "दोन मिनिटांत येतो," म्हणून दलाल आत गेला आणि आबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले. ते सबंध दुपारभर बसले. दार उघडलं की आतलं दिसायचं, बंद झालं की नुसतं हसणं ऐकू यायचं. पंखे, काउंटर, साफा, बर्फाचा आवाज, सगळं त्या उघडझाप करणाऱ्या दारातून गोळा केलेलं. त्यानंतर आबांनी हट्टानं आयुष्यात बूट घातला नाही.

"मग गावात खोटं का सांगितलं?"

आबा कडू हसले. त्याच आठवड्यात आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया होती. अक्का आणि त्यांची धाकटी बहीण माहेरी आलेल्या, दोघे जावई सासुरवाडीला. धाकट्या जावयाला नुकतीच दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरी लागली होती. कंपनीचं क्वार्टर, चोवीस तास लाइट. सगळं घर त्याच्याभोवती. "सासरानी त्याले पाटवर बसाडं आन माले सतरंजीवर," आबा म्हणाले. इतक्या वर्षांनीही त्यांच्या आवाजात ती सतरंजी टोचत होती. त्या रात्री जेवताना ते बोलून गेले की मी परवाच मुंबईच्या क्लबात होतो. सगळ्यांच्या माना वळल्या. साडूचा घास हातात राहिला. मग दर सणाला नवीन गोष्ट लागायला लागली आणि सांगता सांगता क्लबांची संख्या वाढत गेली.

घंटा त्यांना मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसली होती. काठावरचं नाव वाचून ते जागीच थांबले. दुकानदार मागेल ते दिलं. "त्या दारनी माले आत येऊ दिधं नही," ते म्हणाले, "पन त्यानी घंटा मना घर चालत वनी."

बाहेर बोलणार नाही असा आबांना शब्द देऊन जबाब मी माझ्या हातानं लिहिला. घंटा कुठून घेतली, दुकान कसं होतं, दुकानदार दिसायला कसा होता. जबाबात गुन्ह्यापुरतं लिहायचं असतं. कोण कुठं गेला नव्हता, हे चोरीचा माल बाळगण्याच्या कलम ४११ ला लागत नाही. आबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली. पुढं त्यांनी दुकान दाखवलं, दुकानदारानं रंगकाम करणाऱ्या एका माणसाचं नाव घेतलं आणि मुंबईच्या पथकानं त्याला उचललं. आबा साक्षीदार म्हणून मोकळे झाले.

आमच्या जागरूक नागरिकाचा पुन्हा फोन आला. "पकडलं का?"

"साडूभाऊ," मी म्हटलं, "एकदा ठाण्यात येऊन जा."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी ते आले. वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, सडपातळ, इस्त्रीचे कपडे.

"त्यानंच चोरली ना?"

"नाही. विकत घेतलेली निघाली."

त्यांचा चेहरा उतरला. मेहुणीच्या नवऱ्यावरचं बालंट टळलं म्हणून इतका दुःखी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग मी त्यांना क्लबच्या सचिवांचा निरोप दिला. ज्यानं खबर दिली त्याला पत्नीसह एक संध्याकाळ क्लबचा पाहुणा म्हणून बोलावलं होतं, नाव कुठं बाहेर येणार नव्हतं. साडू खुर्चीत सरळ झाले. मी म्हटलं, "पायात बूट घाला." ते ठाण्यातून निघाले ते थेट बुटांच्या दुकानात.

आठवड्याभरानं ते परत माझ्यासमोर बसले होते. डोळे लखलखत होते.

"साहेब, तिथं रोख पैसे चालत नाहीत! पाहुण्याला बिल देताच येत नाही! आबा गेलाच नव्हता तिथं. कधीच नाही. इतकी वर्षं मला जाळलं त्यानं. माझी बायको प्रत्येक सणाला म्हणायची, बघा तुमचा साडू कुठं कुठं बसतो. आता बघतो. येत्या रविवारी त्याच्या शेतावर भरीत पार्टी आहे. सगळे असतील. तिथंच सांगतो."

आबांना मी शब्द दिला होता, पण जबाब कपाटात बंद करता येतो, माणसाचं तोंड करता येत नाही. साडूनं हे माझ्याकडून नाही, स्वतःच्या डोळ्यांनी मिळवलं होतं. कायद्यात त्यावर इलाज नव्हता.

पार्टीला आबांनी मलाही बोलावलं होतं. हवालदाराला बरोबर घेऊन एरंडोल रस्त्यावरच्या त्यांच्या शेतात गेलो. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, बायका पुऱ्या तळत होत्या, कांद्याच्या पातीचा वास सुटला होता. पाहुणे, व्यापारी, दोन्ही बहिणींची पोरंबाळं, असा मोठा गोतावळा. साडू नवे बूट घालून आले होते आणि ढेकळांतून जपून चालत होते.

पंगत बसली तेव्हा कोणीतरी पुतण्या बोललाच. "आबा, हॉलमधली घंटा कुठं गेली?"

"क्लबले परत दिधी," आबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "त्यासले करमत नव्हतं."

लोक हसले. "आबा, ते बिलाचं सांगा ना," आणखी एक जण म्हणाला.

तेवढ्यात साडू उठून उभे राहिले. "थांबा. मी पण जाऊन आलो त्या क्लबात. गेल्याच आठवड्यात."

सगळ्या माना वळल्या. आबांचा पुरीचा हात ताटात थांबला. पुऱ्या तळणाऱ्या अक्कांनी झारा कढईतच धरून ठेवला. साडूंनी चौफेर पाहिलं. अशी सगळ्यांची नजर या माणसाला आयुष्यभरात मिळाली नव्हती, दीपनगरचं क्वार्टर जुनं झाल्यापासून तर नाहीच. मग त्यांनी आबांकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. आबा खाली मान घालून बसले होते, मार खायला बसल्यासारखे.

साडूंनी घसा खाकरला.

"बठ्ठं तसंच शे," ते म्हणाले. "आबा सांगतस, तसंच. तठे खिडकीजवळ एक खुर्ची शे. मी बसाले गऊ, त वेटरनी माले उठाडं. म्हने, आठे नका बसू, हाई जळगाववाला आबानी शे."

एकच हशा आणि टाळ्या झाल्या. आबांनी वर पाहिलं. त्यांनी शेजारचं भरिताचं पातेलं ओढलं आणि साडूच्या ताटात स्वतःच्या हातानं भरीत वाढलं. वाढतच राहिले, शेवटी अक्का म्हणाल्या, "पुरे, त्यासले खाऊ द्या."

जेवणानंतर विहिरीजवळच्या हौदावर हात धुताना साडू मला एकटे सापडले.

"का हो?" मी विचारलं. "एवढे दात धरून बसला होतात."

धुतलेल्या हातांवर त्यांनी पुन्हा पाणी ओतलं.

"साहेब," ते म्हणाले, "आबा जर तठे गयाच नही, त मी इतला वरीस कशावर जळनू?"

हेवा करणारा दुसऱ्याचं वाईट चिंततो, असं मी तोवर समजत होतो. तसं तो चिंततोही. पण ज्याचा हेवा केला ते पोकळ निघालं तर आपलं निम्मं आयुष्य पोकळ निघतं, म्हणून त्याचं वैभव तो त्याच्यापेक्षाही जास्त जपतो. ही गोष्ट मला पोलीस प्रशिक्षणात कोणी शिकवली नव्हती, ती मी भरिताच्या पंगतीत शिकलो. आबा दारावरून जळले, साडू आबांवरून जळले, आणि मी, जो खरोखर आत जाऊन बसून आलो होतो, तो त्या झोपलेल्या म्हाताऱ्यांवरून अजून जळतो.

परतताना जीप हवालदार चालवत होता. मुंबईला तो फाटकाबाहेरच बसला होता आणि आबांचा जबाब झाला तेव्हा केबिनबाहेर.

"साहेब, तुम्ही आत गेला होता ना?" त्यानं विचारलं. "खरंच आहे तिथं आबांची खुर्ची?"

"आहे," मी म्हटलं. "खिडकीजवळ."

हवालदारानं गिअर बदलला.

"नशीब लागतं, साहेब," तो म्हणाला.